मंजूर मासे

ट्राउट नावाचा मासा मी पहिल्यांदा पाहिला तो एका मिसलीत, म्हणजे सरकारी फायलीत. पाण्यात मी तो आजतागायत पाहिलेला नाही, आणि ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात आणखी कुणी पाहिला असेल असंही मला वाटत नाही. पण लाल फीत बांधलेल्या त्या जुन्या कागदांत तो होता, सुवाच्य मोडीत होता आणि त्याच्यावर दरबारचा शिक्काही होता. आता शिक्का असल्यावर कारकुनानं आणखी काय बघायचं, तुम्हीच सांगा.

मी ग्वाल्हेर दरबारच्या पाटबंधारे खात्यात हंगामी कारकून होतो. आंब्याचा हंगाम दोन महिने असतो, थंडीचा चार. माझा अकरा वर्षं चालला होता. माझ्या मागून लागलेले कायम झाले. एक जण तर कायम होऊन, पेन्शन घेऊन, काशीला जाऊनही आला. सासुरवाडीला गेलो की पानावर बसल्या बसल्या सासरे विचारायचे, "मग, झाला का हुकूम?" आणि माझा घास तोंडाशी तसाच राहायचा. माणसाला उपाशी ठेवण्याची ही रीत मला फार जाचक वाटते.

सांक नदीचं सगळं दफ्तर माझ्या ताब्यात होतं. तिला कुठल्या साली किती पूर आला, कुठला बांध कुठे फुटला, सगळं तोंडपाठ. नदी तेवढी पाहिलेली नव्हती. कारकुनानं नदी बघायला जायचं म्हटलं तर आधी अर्ज, मग भत्ता, मग भत्त्यावर शेरा. त्यापेक्षा न बघितलेली बरी.

त्या वर्षी फाल्गुनात आमच्या खात्याला हॅलमसाहेब नावाचे नवे मोठे इंजिनिअर आले. पन्नाशी उलटलेली, ताडमाड उंच, उन्हानं टोमॅटोसारखे लाल झालेले. महिनाअखेर सगळ्या हंगामी लोकांवर त्यांनी गुप्त शेरा लिहायचा आणि त्यावरून कुणाला कायम करायचं ते ठरायचं. आमचे हेडक्लार्क रघुनाथराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोपाळकृष्ण, एक लक्षात ठेव. साहेबाला 'नाही' हा शब्द ऐकवायचा नाही. माझी तीस वर्षं त्याच्यावर निघाली."

आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला बोलावून विचारलं, "वेल बाबू, सांक नदी में ट्राउट है?"

मी म्हटलं, "मिसल देखकर अर्ज करता हूँ, हुज़ूर." हे उत्तर आमच्याकडे देवाधर्माच्या प्रश्नालाही चालतं.

दफ्तरखान्यात शिरलो. धूळ झटकली, शिंकलो, आणि खरोखर, सन १९०९ ची मिसल सापडली! 'काश्मिराहून ट्राउट माशांची अंडी बर्फात आणवून सांक नदीत सोडावीत.' खाली: 'मंजूर. कार्यवाही व्हावी.' त्याच्या खाली: 'दाखल दफ्तर.' आता ज्यानं कचेरीत एक दिवस जरी काढला आहे त्याला ठाऊक आहे की काम पुरं झाल्याशिवाय कागद दाखल दफ्तर होत नाही. म्हणजे अंडी आली, सोडली, मासे झाले, आणि पंचवीस वर्षांत त्यांची लेकरंबाळं, नातवंडं-पतवंडं नदीत नांदत असणार. मी छाती पुढे काढून साहेबांना सांगितलं, "है हुज़ूर. मंजूर है."

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. वीस वर्षं ह्या धुळीत काढली, लहानपणी गावच्या नदीवर वडिलांबरोबर ट्राउट धरायचो, असं काहीबाही सांगताना त्यांचा आवाज जड झाला. मग म्हणाले, पुढच्या रविवारी तू माझ्याबरोबर चल, नदी तुला ठाऊक आहे. आणि त्यांनी आपली मासे धरायची जादा काठी माझ्या हातात दिली. जोडीदारालाही टाकता आली पाहिजे, आठवडाभर सराव कर!

आता ही काय भानगड आहे ते सांगतो. गळाला गांडूळ लावून झाडाखाली पेंगत बसणं हे त्या लोकांत हलकं समजतात. ते कोंबड्याच्या पिसांची, रेशमाच्या धाग्याची नकली माशी बांधतात, तिच्या पोटात गळ दडवतात आणि लांबलचक दोरीनं ती पाण्यावर अशी अलगद ठेवतात की माशाला वाटावं, आली बिचारी बसायला. आमच्या कचेरीत माश्या मारणारे पुष्कळ होते. बांधणारा हा पहिलाच.

काठी घेऊन जयेंद्रगंजातल्या घरी आलो तर आमची वनमाला दारातच उभी.

"हे काय?"

"साहेबांची काठी. मासे धरायची."

"आपल्या घरात? ब्राह्मणाच्या?"

"अगं, मारायचा नाही, खायचा नाही. धरायचा, बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा."

"मग धरायचा कशाला?"

मी म्हटलं, कायम व्हायचा प्रश्न आहे. मग तिनं काठी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. काठी देवघराच्या भिंतीला न टेकवता जिन्याखाली ठेवायची आणि पिसं हाताळल्यावर आंघोळ करायची, एवढ्या दोन अटींवर तिनं परवानगी दिली. त्या आठवड्यात मी इतक्या वेळा आंघोळ केली की मासाच व्हायचा बाकी राहिलो.

सरावाला गच्चीवर गेलो. शेजारच्या गच्चीवरून सदाशिवराव बघत होते. ते पेन्शनर ड्रॉइंगमास्तर. जगात अशी गोष्ट नाही जिच्यावर त्यांचा सल्ला नाही. त्यांनी मासा फक्त चित्रात काढलेला होता, तोही डोळा चुकीच्या जागी काढून.

"मनगट ढिलं सोडा! मनगट! पतंगाला कसा झटका देता? तसा द्या!"

मी पतंगासारखा झटका दिला. माशी सूं करून मागे गेली आणि पुढे यायला काही तयार होईना. वळून बघतो तो ती सदाशिवरावांच्या शालिनीताईंनी वाळत घातलेल्या सोवळ्याच्या लुगड्याला जाऊन बसलेली. जे लुगडं त्या स्वतःच्या मुलाला शिवू देत नाहीत, काठीनं वाळत घालतात, त्याला कोंबड्याचं पीस! मी घाबरून ओढलं. लुगडं दोरीवरून सुटलं, हवेत एक गिरकी घेऊन खाली उभ्या असलेल्या टांग्याच्या टपावर पडलं, आणि त्याच क्षणी टांगेवाल्यानं घोड्याला चाबूक दाखवला.

काठीवरची फिरकी घर्रर्र करून फिरायला लागली. टांगा पाटणकर बाजाराच्या दिशेनं, वर लुगडं, लुगड्याला दोरी, दोरीच्या टोकाला मी.

"ढील द्या! ढील!" सदाशिवराव ओरडले. "खेचू नका, कटेल!"

दोरी संपत आली तसा मी जिना उतरून अनवाणी धावलो. काठी हातातून सोडवत नव्हती, साहेबांची होती ना! पाटणकर बाजाराच्या तोंडाशी टांगा गाठला तेव्हा निम्मा बाजार दुकानाच्या पायऱ्यांवर उभा होता. टांगेवाला लुगडं सोडवत म्हणाला, "बाबूजी, पतंग का मौसम तो गया. ये कौन-सा खेल निकाला?" मी त्याला काय सांगणार? लुगडं काखोटीला मारून, काठी खांद्यावर टाकून मी मान ताठ ठेवून परत आलो. मान ताठ ठेवणं त्या वेळी किती अवघड होतं ते माझं मलाच ठाऊक. शालिनीताई त्यानंतर माझ्याशी बोलेनात. वनमालेशी मात्र त्यांचं तसंच गुळपीठ.

दुसरी भानगड परवान्याची. दरबारच्या हद्दीत काहीही धरायचं तर परवाना लागे. शिकारखात्यातला कारकून माझ्याहून पक्का. त्यानं छापील अर्ज पुढे केला.

"जनावराचं नाव?"

"ट्राउट."

"पाय किती?"

"पाय नाहीत. मासा आहे तो."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

शेवटी आम्ही दोघांनी मिळून 'पाय: निरंक' असं लिहिलं. मग हत्याराचा रकाना. 'माशी' लिहू देईना. म्हणाला, माशीनं शिकार होत असती तर दरबारानं तोफखाना कशाला ठेवला असता? 'काठी' लिहिलं तर म्हणे काठीला परवाना लागत नाही, मग अर्जच रद्द. तीन दिवस हेलपाटे घातल्यावर 'दोरीयुक्त काठी' ह्या नावाखाली परवाना निघाला. तो घेऊन बाहेर पडताना मला वाटलं, आता गड जिंकला.

शनिवारी संध्याकाळी जगदेवराव भेटले. आमच्या गल्लीतले जुने रिसालदार, मराठा गडी, मिशा अजून पलटणीतल्यासारख्या. आख्ख्या गल्लीत नदीवर नेमानं जाणारे आणि मासा मनापासून खाणारे ते एकटेच. म्हटलं, जरा माहिती विचारावी.

"जगदेवराव, सांकेत ट्राउट कुठल्या डोहात असतो हो?"

"कोण?"

"ट्राउट. पंचवीस वर्षांपूर्वी दरबारनं सोडलेला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओट्यावर बसून असे हसायला लागले की मिशा थरथरायला लागल्या. "अहो, ती अंडी होय! त्या वेळी मी स्टेशनावर पहाऱ्याला होतो. आली होती ना, बर्फाच्या पेटीत. पण पेटी उतरवून घेतल्याची सही कुणी करायची ह्याच्यावर दोन खात्यांचं जुंपलं. हा म्हणे, पाण्यातली आहेत, तुमची. तो म्हणे, जनावरं आहेत, तुमची. चार दिवस पेटी फलाटावर. जेठाचा महिना! पाचव्या दिवशी वास सुटला तेव्हा दोघांनी मिळून सही केली आणि पेटी पुरून टाकली. सांकेत रोहू आहे, पढीन आहे, बाम आहे. तुमचा तो कोण, तो फलाटाखाली आहे."

 उद्या सकाळी सहाला साहेबांची मोटर दारात. सांगावं तर 'नाही' म्हणावं लागणार, आणि न सांगावं तर नदीच सांगणार. वनमालेला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "उद्या मी आणि शालिनीताई भजनाला जाऊन राहिलोय, लवकर निघायचंय. तुमचा डबा भरून ठेवलाय. चांगलं होईल बघा उद्या." तिचा चेहरा इतका उजळलेला होता की मी 'डब्यात काय आहे?' एवढंच विचारलं.

सांक नदी मी त्या रविवारी पहिल्यांदा पाहिली. खरं सांगतो, मिसलीतून तिची काही कल्पनाच येत नाही. मऊ ऊन, स्वच्छ पाणी, पलीकडे पळसाला फूल आलेलं. अकरा वर्षं जिचे पूर मी फुटांत मोजले ती इतकी शांत आणि देखणी असेल असं मला वाटलंच नव्हतं. मला थोडी लाजच वाटली.

साहेब कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात उतरले. त्यांचा हात असा चाले की बघत राहावं. दोरी हवेत वेटोळं घेई आणि माशी पाण्यावर जणू स्वतःच्या मर्जीनं बसे. पण मासा मात्र एकही फिरकला नाही. तासाभरानं मलाही टाकायला लावलं. मी धोतराचा काचा मारला, टोपी घट्ट केली आणि झटका दिला. या वेळी काहीतरी लागलं. चांगलं जड लागलं.

"वेल डन!" साहेब ओरडले.

तेवढ्यात माझा ट्राउट रेकला. डोहात डुंबत असलेल्या म्हशीच्या शेपटीत गळ अडकला होता. काठावरचा गुराखी धावत आला. "अरे बाबूजी! भैंस है हमारी, भैंस! दूध देती है!" त्याची समजूत घालून, शेपटीचे चार केस कापून गळ सोडवला. म्हैस माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर मी सासऱ्यांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

दुसरा तास गेला. साहेबांनी तीनदा माशी बदलली. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबू, ये मछली आखरी बार किसने देखी?"  आता काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि वळणापलीकडून टाळ्यांचा आवाज आला. त्यामागोमाग पाण्याची अशी खळबळ की जणू कढईत पुऱ्या सोडल्यात.

"राइज! मछली ऊपर!" साहेब किंचाळले आणि त्या बुटांनिशी पाण्यातून धावत सुटले. मी मागे. वळणावर एक छोटंसं महादेवाचं देऊळ, खाली पायऱ्यांचा घाट, आणि घाटाच्या पाण्यात शेकडो मासे! पितळी रंगाचे, हातहातभर लांब, एकमेकांच्या अंगावर चढत होते.  साहेबांनी काठी उचलली, दोरी हवेत गेली.

"खबरदार!"

शेवटच्या पायरीवर, पदर खोचून, दोन्ही हात पसरून आमची वनमाला उभी होती. मागे परात धरून शालिनीताई. परातीत कणकेच्या गोळ्या.

ज्या बाईनं साहेब लोक आजवर खिडकीच्या फटीतून बघितले होते ती साहेबाच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "ह्यांना सांगा, माझ्या माशांना गळ लावायचा नाही."

"तुझ्या माशांना? अगं, तू इथं? भजन?"

"भजन कसलं! नवस आहे. रामनामाच्या चिठ्ठ्या कणकेत घालून सव्वा लाख गोळ्या माशांना घालीन, ह्यांना कायम कर, असं बोलले होते. तुम्ही लागलात त्याच्या दुसऱ्या वर्षापासून लिहितेय आणि भजनाच्या नावाखाली महिन्याकाठी इथं येतेय. आजच्या हजार शेवटच्या. आज एकाही माशाच्या तोंडातून रक्त आलं तर सगळं पाण्यात जाईल."

"पण ह्याच नदीला का?"

"तुमच्या दफ्तरातली नदी हीच ना? मग दुसरीच्या माशांना घालून काय उपयोग?"

दहा वर्षं! मी कचेरीतून येऊन रघुनाथरावांच्या नावानं बोटं मोडत बसायचो तेव्हा ही बाई आत दिव्यापाशी बसून 'राम राम' लिहीत होती आणि मला पत्ता नव्हता. माझे डोळे भरून आले. एकीकडे माझा शेरा लिहिणारा साहेब, काठी उगारून उभा. दुसरीकडे ती. रघुनाथरावांची तीस वर्षं ज्या शब्दावर निघाली तो शब्द माझ्या तोंडून असा बाहेर पडला की घाटावर घुमला.

"नहीं, हुज़ूर! नहीं!"

साहेब चमकून बघायला लागले. एकदा बांध फुटल्यावर पाणी कुठलं थांबतंय! मी सगळं सांगितलं. ही ट्राउट नव्हेत, रोहू आहेत. ट्राउट इथं कधी नव्हतेच. अंडी मंजूर झाली, फलाटावर आली आणि सहीसाठी कुजली. मी नदी बघितली नव्हती, फक्त मिसल बघितली होती. ही माझी बायको आणि हा तिचा नवस, मला कायम करावं म्हणून. शेवटचं वाक्य बोलताना कान इतके तापले की टोपी काढावी लागली.

साहेबांनी काठी हळूच खाली केली.  मग त्यांनी विचारलं, "ये मछली इनके पास ख़ुद आती है? बुलाने से?"

मी तर्जुमा केला. वनमालेनं टाळी वाजवली, एक गोळी बोटांत धरली, आणि एक दांडगा रोहू येऊन ती अलगद घेऊन गेला.

साहेब पायरीवर बसायला लागले तशी ती म्हणाली, "आधी बूट काढायला सांगा. देवाचा घाट आहे." ते ओले रबरी बूट काही निघेनात. साहेबांनी कठडा धरला, मी बूट धरून मागे झुकलो. एक बूट निघाला आणि मी उताणा. दुसरा निघाला तेव्हा आम्ही दोघेही पाण्यात. शालिनीताई, ज्या माझ्याशी बोलत नव्हत्या, त्या परात सांभाळत इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. साहेबही हसले. निथळत्या अंगानं, अनवाणी, पायरीवर मांडी ठोकून त्यांनी गोळ्या घातल्या. पहिला रोहू त्यांच्या बोटांतून खाऊन गेला तेव्हा ते लहान पोरासारखे ओरडले. "फ़ॉर्टी इयर्स!" ते मला सांगत होते. चाळीस वर्षं ते माशांच्या मागे हिंडले, मासा त्यांच्याकडे कधी आला नव्हता. हजार गोळ्या संपल्या तेव्हा परातीच्या कडेची चिकटलेली कणीकसुद्धा त्यांनी नखानं खरवडून घातली. परत येताना मोटरीत ते सारा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले, आणि मी शेऱ्याची आशा सोडून दिली.

आठव्या दिवशी हुकूम आला. 'गोपाळकृष्ण, कारकून, पाटबंधारे, कायम.' शेरा गुप्त असला तरी रघुनाथरावांनी तो पोटात न ठेवता मला सांगितला: 'ह्या खात्यात नाही म्हणू शकणारा एकमेव माणूस.' सांगताना त्यांचा चेहरा पडला होता.

मी पेढे घेऊन घरी आलो. वनमालेनं हुकूम देवापुढे ठेवला आणि तशीच पाटावर बसून रडली आणि मग हसली. सदाशिवराव म्हणाले, मनगट ढिलं ठेवायला मीच सांगितलं होतं. जगदेवरावांनी चार पेढे एकदम तोंडात टाकले. एवढ्यात साहेबांचा चपराशी दारात आला. लाखेचं सील असलेलं पाकीट, वर लिहिलेलं, 'मिसेस गोपाळकृष्ण यांस'.

आत कागदाचे छोटे छोटे चौकोन होते, पन्नास. प्रत्येकावर पेन्सिलीनं, कुठे मोठं कुठे लहान, वाकडंतिकडं 'राम' लिहिलेलं. सोबत इंग्रजीत दोन ओळी. मी वाचून दाखवल्या: 'बाईसाहेब, मीही इथं करारावरच आहे. मुदतवाढीची माझी मिसल दोन वर्षं दरबारात फिरते आहे. आपल्या माशांकडे माझाही अर्ज पोचवावा.'

वनमालेनं चिठ्ठ्या हातात घेतल्या, एकेक करून मोजल्या आणि चपराशापुढे परत धरल्या.

"साहेबांना सांग, पन्नासांनी काय होतंय? दरबारची नोकरी आहे. सव्वा लाखाच्या खाली तिथं काम होत नाही. आणि म्हणावं, स्वतःच्या हातानं लिहायच्या, तुझ्याकडून नाही."